रानघोडी, सासूबाई आणि मी

सोमवार, ४ मार्च

आजपासून डायरी लिहायची ठरवली आहे. कारण एवढंच की माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेईल असं या घरात कोणी नाही. बायको सकाळी पागेत जाते ती जेवायलाच उगवते. सासूबाई घरात असल्या काय, नसल्या काय, सारखंच. आणि माझी सगळी नोकरी गेली बसस्थानकाच्या माइकसमोर. मी "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हटलं की हातातला चहा तसाच धरून माणसं माना वर करायची. आता तिथे यंत्र बोलतं. त्याला मध्ये श्वास घ्यावा लागत नाही हे मान्य, पण त्या आवाजात काडीचा जिव्हाळा नाही.

नोकरी गेली म्हणून आम्ही गाशा गुंडाळून हिच्या आईकडे आलो. सासूबाई रानघोडे माणसाळवतात. माळावरचं गवत आटत चाललं आहे, म्हणून वनखातं दरवर्षी तिथले काही घोडे खाली आणतं. जे माणसाळतात त्यांना चांगली घरं मिळतात. जे माणसाळत नाहीत ते तारांमागच्या मोठ्या कोंडवाड्यात जातात आणि जन्मभर तिथेच राहतात.

आज त्यातली एक घोडी गाडीतून उतरवली. तांबूस रंग, कपाळावर पांढरा ठिपका, आणि चेहऱ्यावर आपण सगळे तिच्या घरात न विचारता शिरलो आहोत असा भाव. सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, ही तुमची."

मला वाटलं, भेट दिली. मी आभाराचं भाषण सुरू करणार तोच त्या पुढे म्हणाल्या, "एप्रिलमध्ये खात्याचे साहेब येतील. तिने म्होरकी घालून घेतली, परक्या माणसासोबत चालली आणि गाडीत चढली, तर तिला घर मिळेल आणि तुम्हाला इथे काम. नाही जमलं तर ती कोंडवाड्यात आणि तुम्ही परत शहरात. नुसत्या बोलणाऱ्या माणसाला पागेत काम नसतं."

म्होरकी म्हणजे घोड्याच्या तोंडावरून चढवायचा दोरीचा साज. मी आजवर घोडा पाहिला तो चित्रात. तरी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. बायको म्हणते, दिसलं.

मंगळवार, ५ मार्च

पहिला धडा. घोडी गोल रिंगणात, मी फाटकापाशी, सासूबाई बाहेरच्या दगडी कठड्यावर. पंचाहत्तरीच्या घरातल्या बाई, पण कठड्यावर अशा बसतात की कठडाच त्यांच्या आधाराने उभा आहे असं वाटावं.

त्यांचं शिकवणं असं: मारायचं नाही, ओढायचं नाही, कोपऱ्यात गाठायचं नाही. डोळ्यांत रोखून बघायचं नाही. सरळ चालून जायचं नाही, तिरकं तिरकं जायचं. आणि घोडीने एवढंसं काही बरं केलं, कान वळवला, मान खाली घेतली, की लगेच पाठ फिरवून चालू लागायचं.

"चालू लागायचं? बरं केल्यावर?" मी विचारलं.

"तेच बक्षीस. रानातल्या जनावराला आपल्याकडून दुसरं काय हवंय? आपण जावं, एवढंच. ज्या क्षणाला आपण जातो, त्या क्षणाला ती जे करत असते ते तिच्या डोक्यात पक्कं बसतं."

"आणि शाबासकी? थोपटणं? दोन शब्द?"

"ते तुम्हाला लागतात, जावईबापू. तिला नाही."

मी घोडीचं नाव बाईसाहेब ठेवलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला.

गुरुवार, ७ मार्च

बाईसाहेबांना माझा आवाज आवडेल अशी माझी समजूत होती. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी राखून ठेवलेला माझा खास मखमली स्वर काढून मी रिंगणात उभा राहिलो. ती दूरच्या टोकाला जाऊन कुंपणाला चिकटून उभी राहिली, शेपूट माझ्याकडे करून. मी तिला माझी सगळी हकिगत सांगितली. कुठे जन्मलो, यंत्र कसं आलं, यंत्राचे उच्चार कसे चुकतात. सासूबाई कठड्यावर बसून ऐकत होत्या. कुठल्याही वाक्याला हूं की चूं नाही.

मग तोंडात चिलट गेलं म्हणून मी गप्प झालो. ठसका येऊ नये म्हणून तोंड मिटून, मान खाली घालून उभा राहिलो. बाईसाहेबांचा एक कान माझ्याकडे वळला! मी हरखून सासूबाईंकडे बघितलं, तर त्या उठून घराकडे चालल्या होत्या. ऐन वेळी! बोलत होतो तेव्हा बसून होत्या आणि घोडीने पहिल्यांदा माझी दखल घेतली तेव्हा यांना घर आठवलं.

जेवताना बायकोला सांगितलं. तिने विचारलं, "आई नक्की केव्हा उठली?"

"मी गप्प झालो तेव्हा."

तिला हसू आवरेना. घास लागला, पाणी द्यावं लागलं. माझ्या दुःखात हसण्यासारखं काय आहे ते तिलाच ठाऊक.

रविवार, १० मार्च

माझ्या डोक्यात एक नामी कल्पना आली आहे. सासूबाईंची तऱ्हा हुबेहूब बाईसाहेबांसारखी आहे. जवळ गेलं की लांब सरतात, बोललं की कान पाडतात, उपकार म्हणून एखादा शब्द टाकतात. मग जी पद्धत घोडीला, तीच सासूबाईंना का नको? घोडीला माणसाळवता माणसाळवता मी त्यांनाही माणसाळवणार. बायकोला पत्ता लागू द्यायचा नाही.

आज श्रीगणेशा केला. नजरेला नजर न देता, तिरका तिरका जात, चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि पाठ फिरवून निघून आलो. खिडकीतून बघितलं. त्यांनी कपाकडे बघितलं, माझ्या खिडकीकडे बघितलं, आणि चहा प्यायल्या.

प्रगती आहे.

बुधवार, १३ मार्च

सकाळी मागच्या दाराच्या पायरीवर कोणीतरी गमबूट ठेवले होते. जुने, पण स्वच्छ धुतलेले. माझे शहरातले बूट रिंगणातल्या शेणामातीने पार कामातून गेले आहेत, म्हणून सासूबाईंना विचारलं, "हे कोणाचे?"

"असतील कोणाचे तरी," म्हणाल्या आणि बादली घेऊन निघून गेल्या.

घालावेत की नाही यावर मी बराच विचार केला. परक्याची वस्तू. दुपारपर्यंत दोनचारदा पायरीपाशी जाऊन नुसताच परत आलो. शेवटी कोणी बघत नाहीसं बघून पाय घातले. अगदी मापाचे.

शनिवार, १६ मार्च

माझ्यात आणि बाईसाहेबांत संभाषण सुरू झालं आहे, हे लिहिताना ऊर भरून येतो. मी जवळ गेलो की ती पुढचा उजवा पाय जमिनीवर आपटते. ठक्! जणू म्हणते, "या, ओळखलं तुम्हाला." मी आदराने दोन पावलं मागे येतो. ती शांत होते. पुन्हा जवळ गेलो की पुन्हा ठक्. आज तर मी फाटकाला हात लावला तेवढ्यात तिने आपटला. इतक्या लांबून ओळखते!

सासूबाई कठड्यावर बसून होत्या, जेवणवेळ टळली तरी हलल्या नाहीत. त्यांनाही नवल वाटलं असणार.

मंगळवार, १९ मार्च

काहीही लिहू नये असं वाटतंय. तरी लिहितो.

सासूबाईंनी आज विचारलं, "तिने पाय आपटला की तुम्ही काय करता?"

"मागे सरतो."

"म्हणजे निघून जाता."

"हो."

"आणि आपण जातो त्या क्षणाला ती जे करत असते...?"

मी वाक्य पूर्ण केलं नाही. ओळख वगैरे काही नव्हतं. ती मला "चल नीघ" म्हणत होती आणि मी इमानेइतबारे निघत होतो. गेले कित्येक दिवस त्या रिंगणात शिक्षण चालू होतं खरं, पण शिकत मी होतो. आणि बाईसाहेब गुरू म्हणून उत्तम आहेत, कारण मी फार लवकर शिकलो.

पूर्वी मी यावर काहीतरी बाजू मांडली असती. आज मान खाली घालून म्हटलं, "माझंच चुकलं. आता काय करू?" उत्तरासाठी वर बघतो तर सासूबाई उठल्या होत्या. "उद्या सांगते," म्हणत गेल्यासुद्धा. माणूस इतका नरमलेला असताना त्याला असं सोडून जातात का?

रविवार, २४ मार्च

उपाय साधा आहे, पण माझ्या पायांना तो मान्य नाही. तिने पाय आपटला की हलायचं नाही. रागवायचं नाही, पुढेही जायचं नाही. नुसतं उभं राहायचं, जमिनीकडे बघत, आणि ती पाय ठेवून श्वास सोडेल तेव्हा निघायचं. आज तिने इतका पाय आपटला की खड्डा पडला. मी उभा. शेवटी तिने नाकपुड्यांतून लांब फुर्रर्र केलं आणि मी पाठ फिरवून चालू लागलो.

मागून पावलं ऐकू आली. एकदोन, आणि थांबली. मी वळून बघितलं नाही. देवाशपथ बघितलं नाही.

शुक्रवार, २९ मार्च

आज बाईसाहेबांच्या खांद्याला हात लागला. माझा हात, तिचा खांदा. कातडी थरारली, वरच्या वर माशी उडवावी तशी, पण ती गेली नाही. मी लगेच हात काढून चालू लागलो. पागेच्या मागे जाऊन थोडा रडलो. बायकोने बघितलं नाही, असं मी धरून चालतो.

सासूबाईंची प्रगती: आता चहा माझ्या हातातून घेतात. मात्र आज घेताना म्हणाल्या, "तिरके तिरके येऊ नका हो, सांडेल."

सोमवार, १ एप्रिल

आज मी जे केलं ते लिहायला हात धजत नाही.

खांद्याला हात लागल्यापासून मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो होतो. साहेबांचा दिवस जवळ येतोय, म्होरकी अजून दूरच, म्हणून मला वाटलं, जरा शेंडी लावू. म्होरकी पाठीमागे लपवली, पुढच्या हातात गवताची पेंढी धरली. बाईसाहेब विश्वासाने आली. तिने तोंड खाली घातलं आणि मी झटकन म्होरकी वर सरकवली.

अर्धवट अडकली. ती उधळली. दोर मागे सरपटत होता आणि तिला वाटत होतं, काहीतरी जिवावर उठून पाठलाग करतंय. जितकी पळे तितका दोर मागे. रिंगणाला फेऱ्या, फेऱ्या. तोंडाला फेस. तिच्या डोळ्यांचं पांढरं मला दिसत होतं आणि मी मधोमध उभा होतो, हातात ती निर्लज्ज पेंढी घेऊन. कधीतरी कुंपणाच्या खुंट्यात अडकून म्होरकी निसटली. मग ती अगदी दूरच्या टोकाला जाऊन उभी राहिली, पहिल्या दिवशी राहिली होती तिथेच.

सासूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण आज एक झालं. एरवी ऐन वेळी उठून जाणाऱ्या सासूबाई आज दिवसभर जागच्या हलल्या नाहीत. दिवेलागणीपर्यंत कठड्यावर बसून माझ्याकडे बघत होत्या. माझ्या वाईट वेळेला त्यांनी मला सोबत केली, हे मी विसरणार नाही.

हे बायकोला सांगितलं. ती आज हसली नाही.

मंगळवार, २ एप्रिल

बाईसाहेब मला बघितलं की थरथरते. गवताची पेंढी बघितली की जास्त.

संध्याकाळी बायको माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "मला परत जायचं नाहीये रे. तिथल्या खोलीत मला गुदमरायला व्हायचं. मी कधी बोलले नाही, कारण तुझी नोकरी तिथे होती."

इतक्या वर्षांत तिने हे सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल आणि मी तेव्हा बोलत असेन. मी नुसता बसून राहिलो आणि ती बोलत राहिली. लहानपणी ती याच रिंगणात चालायला शिकली, तेही मला आजच कळलं.

ती घोडी कोंडवाड्यात गेली तर ती माझ्यामुळे जाईल. तिने काहीच चूक केली नाही. तिने माझ्यावर भरवसा ठेवला, एवढंच केलं.

शुक्रवार, ५ एप्रिल

घसा बसला आहे. पूर्ण. धुळीत आणि पहाटेच्या वाऱ्यात उभं राहून सर्दी झाली आणि आता तोंडातून नुसती हवा येते. डॉक्टरांनी सांगितलं, घशाला विश्रांती द्या, कुजबुजसुद्धा नको. ही बातमी ऐकून बायको आणि सासूबाईंनी एकमेकींकडे बघितलं, ते मी बघितलं. सासूबाईंनी स्वतः उठून अंडी उकडून दिली. आजारी माणसाबद्दल कणव असते त्यांना.

रविवार, ७ एप्रिल

बोलता येत नाही, म्हणून रिंगणात नुसतं बसून राहतो. पालथ्या बादलीवर, तिच्याकडे पाठ करून, वर्तमानपत्र घेऊन. दोन दिवस तिने दूरचं टोक सोडलं नाही. मीही तिला बोलावलं नाही. काय तोंडाने बोलावणार?

आज क्रिकेटचं पान वाचत होतो. पानावर सावली पडली. मग मानेवर ऊन ऊन हवा. मी हललो नाही. तिने माझ्या कॉलरचा वास घेतला, कानाचा घेतला, वर्तमानपत्राची कड ओठांनी चाचपून बघितली आणि न आवडल्यासारखं नाक शिंकरलं. ते सगळं क्रिकेटवर.

घसा असता तर मी त्या क्षणी नक्की काहीतरी बोललो असतो. "शाबास बाईसाहेब" तरी म्हणालो असतो. आणि सगळं पुन्हा पाण्यात गेलं असतं. हे लिहिताना अंगावर काटा येतोय.

मी हळूच उठलो आणि बाहेर निघून गेलो. तिला दिलं तेच बक्षीस मला सगळ्यांत महाग पडलं, कारण मला जन्मभर तिथेच बसावंसं वाटत होतं.

बुधवार, १० एप्रिल

आवाज परत आला. सकाळी आंघोळ करताना एकदा "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे" म्हणून बघितलं. खणखणीत.

रिंगणात गेलो. बाईसाहेब समोरून चालत आली. तोंडापर्यंत शब्द आले होते. मी ते गिळले. म्होरकी दोन्ही हातांत उघडी, तिला दिसेल अशी धरली आणि उभा राहिलो. लपवलं काही नाही. ती थबकली. पाय आपटला. मी उभा. म्होरकीचा वास घेतला, मागे गेली, परत आली. शेवटी तिने आपलं आपण नाक त्या दोरीत घातलं, जशी काही तिचीच कल्पना होती.

मी एक शब्द बोललो नाही. म्होरकी लगेच उतरवली आणि पाठ फिरवली.

हे बघायला सासूबाई हव्या होत्या ना? कठडा रिकामा. बायको म्हणाली, तू गिळून गप्प उभा राहिलास तेव्हाच आई उठली. मी म्हटलं, "तुझ्या आईला घोड्यांतलं कळतं, पण केव्हा बघावं ते कळत नाही." बायको उशीत तोंड खुपसून हसली.

मंगळवार, १६ एप्रिल

आता परकी माणसं. दोर आधी बायकोच्या हातात दिला. बाईसाहेब तिच्याबरोबर अशी चालली की जणू माझ्याबरोबर नाइलाजाने चालत होती. मला मिरच्या झोंबल्या. बायको म्हणाली, "अरे, हेच तर हवंय ना आपल्याला?" हेच हवंय. तरी झोंबल्या.

गाडीत चढायच्या फळीवर तिने पुढचे पाय ठेवले आणि खाली उतरवले. रोज थोडं थोडं. चढायची घाई नाही, उतरायला बंदी नाही.

सासूबाईंना माणसाळवण्याचा माझा बेत मात्र फसला असं कबूल करतो. चहा घेतात, अंडी उकडून देतात, पण माझं काही चांगलं झालं की हमखास उठतात. काही जनावरांचा स्वभावच तसा असतो.

सोमवार, २२ एप्रिल

साहेब आले. जाडजूड बूट, कमरेला किल्ल्यांचा झुबका, चालले की खुळखुळ. त्यांच्याबरोबर एक निवृत्त पोस्टमास्तरीणबाई होत्या. घोडी पसंत पडली तर त्यांच्या घरी जाणार होती. मागे कुरण, शेजारी एक म्हातारं गाढव, असं त्यांनी सांगितलं. गाढवाबद्दल त्या इतक्या प्रेमाने बोलल्या की मला बाई आवडल्या.

मी म्होरकी चढवली, दोर साहेबांच्या हाती दिला. साहेब सरळ तिच्या तोंडासमोर जाऊन उभे राहिले. किल्ल्या वाजल्या. बाईसाहेबांनी पाय आपटला. ठक्! साहेब दचकून मागे निघाले.

आता ते गेले असते तर सगळं मातीत. मी म्हटलं, "साहेब, मागे येऊ नका." मोठ्याने नाही. गाडी सुटण्याआधी वाट चुकलेल्या एकट्या म्हातारीला सांगावं, तेवढ्याच आवाजात. "रागावली नाहीये. विचारतेय. नुसते उभे राहा. जमिनीकडे बघा. किल्ल्या हातात धरा."

साहेबांनी ऐकलं. खात्याचा माणूस, मान खाली घालून, किल्ल्या मुठीत घट्ट धरून उभा. बाईसाहेबांनी पुन्हा पाय आपटला, पण उगाच, सवय म्हणून. मग लांब श्वास सोडला. "आता चला," मी म्हटलं. साहेब चालले आणि ती त्यांच्या खांद्याला खांदा लावून रिंगणभर फिरली. त्यानंतर पोस्टमास्तरीणबाईंनी दोर घेतला. त्या गाढववाल्या असल्यामुळे त्यांना घाई ठाऊकच नव्हती. बाईसाहेबांनी फळीवर पाय ठेवला, विचार केला आणि गाडीत चढली.

साहेब घाम पुसत कठड्याकडे वळले. "पास. पुढची खेप पावसाआधी येईल. दोन घ्याल का?"

"मला काय विचारता?" सासूबाई म्हणाल्या. "जावईबापूंना विचारा. घोडे तेच घेतात आता."

मी बायकोकडे बघितलं. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि या वेळी ती हसत नव्हती.

मग गाडीचं दार लागलं आणि आतून ती खिंकाळली. मला हाक मारावी तशी. खरं तर तशी नाही, मलाच. इतके दिवस मी तिच्या मागे, आणि आज ती मला हाक मारत होती. माझे पाय आपोआप गाडीकडे वळले. पोस्टमास्तरीणबाई म्हणाल्या, "या ना, जरा थोपटा तिला. बरं वाटेल."

बरं वाटलं असतं. तिला आणि मला. पण हाक मारली की हा माणूस येतो, एवढंच ती घेऊन गेली असती. आणि त्या नव्या घरी ती रोज हाका मारत बसली असती आणि मी कधीच आलो नसतो.

"नको," मी म्हटलं. "पण ती गप्प होईपर्यंत इथे उभा राहतो."

मी उभा राहिलो, जमिनीकडे बघत. ती ओरडली. पुन्हा ओरडली. फळ्यांवर टापा वाजल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही मी हात हलवला नाही. बऱ्याच वेळाने आतून तो लांब श्वास ऐकू आला, फुर्रर्र, आणि मग गवत चावल्याचा आवाज.

तेव्हा मी पाठ फिरवली आणि चालू लागलो. मागे गाडी सुरू झाली, फाटकातून बाहेर पडली. मी वळलो नाही.

अंगणाशी आल्यावर मान वर केली. वाटलं होतं, सासूबाईंनी निदान हे तरी बघितलं असेल. कठड्यावर कोणी नव्हतं. स्वयंपाकघराचं दार नुकतंच लागत होतं.

या वेळी मला राग आला नाही. का ते सांगता येत नाही. मी त्या कठड्यावर जाऊन बसलो, आणि कितीतरी वेळ मला फार बरं वाटत राहिलं.